मुळेच्या खोऱ्यातून अष्टागराकडे : मातीची भिंत आणि ओल

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राहुरी हे गाव समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत, समुद्रसपाटीपासून जवळजवळ पाचशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेले असून तेथे वर्षाकाठी सरासरी पाचशे ते सव्वापाचशे मिलिमीटर एवढाच पाऊस पडतो. किनारपट्टीच्या दमट हवेत मातीची घरे ओलीपासून कशी राखावीत, या प्रश्नाचा मागोवा घेणारा प्रवास अशा कोरड्या मुलखातून सुरू व्हावा, हे वरवर पाहता विसंगत वाटते. परंतु किनाऱ्यावरील मातीच्या भिंतीला पावसाइतकाच, किंबहुना पावसाहून अधिक, त्रास जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीचा आणि त्या ओलीबरोबर येणाऱ्या मिठाचा होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे राहुरीची निवड वावगी ठरत नाही. कारण गेल्या शंभर वर्षांत कालव्याच्या पाण्याबरोबर ओल आणि मीठ ही दोन्ही या परिसरात येऊन स्थिरावली आहेत.

नगर-मनमाड रस्त्याने उत्तरेकडे येणाऱ्या प्रवाशाला राहुरीच्या अलीकडेच महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार लागते आणि त्यानंतर उसाचे मळे सुरू होतात. मळ्यांतली माती काळी, आणि जुन्या गावठाणातली माती मात्र राखट पांढुरकी असते. दख्खनच्या गावगाड्यात पिकाच्या जमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणण्याची जी रीत आहे, तिला हा रंगभेद आधारभूत आहे. पांढरीची माती ही बव्हंशी पूर्वीच्याच घरांची माती होय : मातीची भिंत ढासळावी, तिच्यावर नवी उभी राहावी, चुलीची राख आणि चुन्याचे कण तिच्यात मिसळत जावेत, असे शतकानुशतके चालून या टेकाडांचा थर साचला आहे. शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी असलेले दायमाबाद हे त्याचेच फार जुने उदाहरण. १९५८ मध्ये उजेडात आलेल्या आणि पुढे १९७९ पर्यंत टप्प्याटप्प्याने उत्खनन झालेल्या या पांढरीत ताम्रपाषाणयुगीन लोकांच्या, म्हणजे तांबे आणि दगड या दोहोंची हत्यारे वापरणाऱ्या समाजांच्या, मातीच्या भिंतींची घरे एकावर एक अशा थरांत सापडली.

पांढरी माती बांधकामाला चालते आणि काळी चालत नाही, यामागील कारण मातीच्या घडणीत आहे. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण, ज्यांत माँटमोरिलोनाइट हे खनिज प्रमुख असते, पाणी शोषून फुगतात व वाळताना आकसतात. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच, आणि अशा मातीची भिंत पहिल्याच वर्षी तडकते. पांढरीत गाळ, बारीक वाळू, चुनखडी आणि थोडी चिकणमाती यांचे मिश्रण असल्याने ती ठोकून घट्ट बसते व फारशी हलत नाही. धुमसलेल्या मातीची भिंत, म्हणजे दोन फळ्यांच्या साच्यात जेमतेम ओलसर माती चार-सहा इंचांच्या थरांनी भरून प्रत्येक थर धुमसाने ठोकत उभी केलेली भिंत, हिला जगात सर्वत्र याच प्रकारची माती लागते : वाळू व खडी अधिक, आणि चिकणमाती साधारण दहा ते तीस टक्के. दख्खनमध्ये साच्याच्या भिंतीची स्वतंत्र परंपरा ठळकपणे दिसत नाही. येथे भेंड्यांच्या, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या, भिंती अधिक आढळतात. तथापि नगर जिल्ह्यात आणि मराठवाड्यात गावोगाव ज्या गढ्या उभ्या आहेत किंवा ढासळत आहेत, त्यांचे पांढऱ्या मातीने थरावर थर देऊन चढवलेले बुरूज धुमसलेल्या भिंतीचे अगदी जवळचे नातलग म्हणावे लागतील. या गढ्यांची मूळची दगडी तळरचना बहुधा शाबूत असते आणि झिजलेला दिसतो तो तिच्या वरचा मातीचा भाग, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

या भागातील जुन्या घरांवर उतरते छप्पर नसे. असे ते माळवद किंवा धाबे. तुळयांवर कडीपाट किंवा किलचण, त्यावर निरगुडीसारख्या झुडपांच्या फांद्यांचा थर, त्यावर माती, आणि सर्वांत वर पांढऱ्या किंवा खाऱ्या मातीचा लेप, अशी त्याची रचना असून पाणी पन्हाळीतून बाहेर पडावे म्हणून त्याला किंचित उतार दिलेला असतो. येथे रसायनशास्त्राची एक गंमत पाहायला मिळते. चोपण माती, म्हणजे जिच्या कणांना सोडियम अधिक प्रमाणात चिकटलेला असतो अशी माती, भिजली की तिचे कण एकमेकांपासून सुटून छिद्रांत जाऊन बसतात आणि पाणी खाली झिरपू देत नाहीत. शेतकऱ्याच्या दृष्टीने नापीक ठरणारा हा दोष माळवदावर गुण ठरतो. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी हा लेप नव्याने द्यावा लागे. पाचशे मिलिमीटर पावसाला ही व्यवस्था पुरेशी होती, परंतु तिची एक मोठी उणीव होती, ती म्हणजे माळवदाला वळचण नसते. भिंतीच्या बाहेर छप्पर फारसे आलेले नसल्यामुळे पन्हाळीचे पाणी उडून भिंतीच्या पायथ्यावर पडे. पाऊस थोडा आणि ऊन कडक, म्हणून एवढी चूक खपून जात होती.

ती खपेनाशी झाली कालव्यांमुळे. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि ओझर बंधाऱ्यापासून निघालेल्या प्रवरा कालव्यांचे पाणी या मुलखात खेळू लागले. पुढे १९७० च्या दशकात राहुरीच्या पश्चिमेस बारागाव नांदूर येथे मुळा धरण पूर्ण होऊन २६ टीएमसी, म्हणजे २६ अब्ज घनफूट, क्षमतेचा जलाशय तयार झाला. ऊस वाढला, कारखाने आले, आणि या पाण्याने तालुक्याचे दैन्य फिटले याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र भारी जमिनीत पाणी सतत मुरत राहिले आणि निचरा अपुरा पडला, तेथे भूजलाची पातळी वर आली, तिच्याबरोबर जमिनीतील विरघळलेले क्षारही वर आले, आणि सखल भागांत पृष्ठभागावर पांढरे फटक डाग दिसू लागले. शेतीत याला क्षारपड म्हणतात. भिंतीवर हेच घडले म्हणजे लोणा लागला असे म्हणतात.

लोणा लागण्याची क्रिया नीट समजून घेतली नाही, तर त्यावरचे बहुतेक उपाय उलटे पडतात. मातीच्या भिंतीतील सूक्ष्म पोकळ्या केशनलिकांप्रमाणे काम करतात आणि दिव्याची वात जसे तेल ओढते तसे पायातील पाणी वर ओढतात. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, अशी लोकसमजूत असली, तरी या भिंतीत पायाचे पाणी कंबरेपर्यंत सहज चढते. ज्या उंचीवर चढणारे पाणी आणि वाऱ्याने उडून जाणारी वाफ यांचा तोल साधतो, त्या पट्ट्यात पाणी उडते व मीठ मागे राहते. मिठाचे स्फटिक पोकळीच्या आत वाढतात, पोकळीच्या कडांवर दाब देतात, आणि भिंतीची साल पिठासारखी गळू लागते. यांतील सोडियम सल्फेट हे लवण विशेष उपद्रवी होय, कारण कोरड्या रूपातून पाणीदार स्फटिकरूपात जाताना त्याचे घनफळ सुमारे तिपटीने वाढते; ऋतूंच्या आणि कालव्याच्या आवर्तनांच्या चढउताराबरोबर हे फुगणे पुन्हा पुन्हा होत राहते.

भिंतीचा पायथा गळू लागला की सर्वसाधारणपणे तिला सिमेंटचा गिलावा केला जातो. हा उपाय दोन वर्षे छान दिसतो. सिमेंटचा गिलावा वाफ बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे पूर्वी हातभर उंचीवर उडून जाणारे पाणी आता त्याच्यामागे कोंडते आणि आणखी वर चढते. आतली माती मऊ पडते, मातीची ओलीतील ताकद कोरडेपणीच्या ताकदीच्या मानाने फारच कमी असल्याने तळाचा भाग दबतो, आणि एके दिवशी गिलाव्याचा सबंध पापुद्रा मातीसकट सुटतो. मातीतच सिमेंट मिसळून धुमसलेली भिंत हा आधुनिक पर्याय याहून बरा आहे, कारण त्यात पाच ते दहा टक्के सिमेंटने कण बांधले जातात आणि भिंत पाण्यात विरघळत नाही. परंतु मातीत सल्फेट असेल, तर सिमेंट वा चुन्याशी त्याची अभिक्रिया होऊन फुगणारे संयुग तयार होते. म्हणून कालव्याच्या क्षेत्रात माती निवडताना तिचा सामू, विद्युतवाहकता (जिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण कळते) आणि सल्फेट तपासल्यावाचून साचा उभा करणे धाडसाचे ठरेल. शेतकऱ्याला माती तपासून घेण्याची सवय आहे. गवंड्याला ती लागलेली नाही.

राहुरीहून बारागाव नांदूरला गेल्यावर या विषयाचा एक भव्य नमुना समोर उभा राहतो, तो म्हणजे धरण स्वतःच. मुळा धरण मातीचे आहे. त्याची लांबी पावणेतीन किलोमीटरांहून अधिक आणि उंची पंचेचाळीस मीटरांहून अधिक असून माती थराथराने पसरून व दाबून ते रचलेले आहे. मातीच्या धरणातून पाणी अजिबात झिरपू नये, असा आग्रह अभियंता धरत नाही. पाणी झिरपणारच हे गृहीत धरून तो मध्यभागी कमी झिरपणाऱ्या मातीचा गाभा ठेवतो, त्याच्या खालच्या अंगास वाळू व खडीची गाळणी घालतो, म्हणजे पाणी जाईल पण मातीचे कण जाणार नाहीत, पायथ्याशी दगडी निचरा काढतो आणि लाटांचा मार बसणाऱ्या बाजूस दगडांची अस्तरी करतो. घराच्या भिंतीला याच दृष्टीने पाहिले जात नाही, ही खेदाची गोष्ट होय. भिंत जलाभेद्य करण्यावर सगळा खर्च होतो आणि पाण्याला वाट काढून देण्यावर काहीच होत नाही.

धरणाच्या फुगवट्याला वळसा घालून मुळेच्या खोऱ्याने पश्चिमेकडे गेले, म्हणजे पुणे-नाशिक महामार्गावरील घारगाव आणि त्यापुढे अकोले तालुक्यातील कोतूळ ही नदीकाठची गावे लागतात. या वाटेवर पर्जन्यमान ज्या वेगाने बदलते, तसा बदल महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी अनुभवास येईल : एकाच जिल्ह्यात पूर्वेला पाचशे मिलिमीटर, तर सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघरच्या बाजूला पाच हजारांच्या आसपास. पश्चिमेकडे जाताना माळवदे विरळ होत जातात, छपरे उतरती होतात, उतार अधिकाधिक तीव्र होतो आणि वळचण खाली येते. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी असलेल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांतील जुन्या घरांत जाड मातीची भिंत जवळजवळ नाहीशी होऊन तिची जागा कुडाने घेतलेली दिसते. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेण व मातीचा लेप दिलेली पातळ भिंत. कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवरील झुडूप सुमारे सात वर्षांनी एकदा फुलते व फुलोऱ्यानंतर वाळते, त्यामुळे काठ्यांचा पुरवठा जंगलातूनच होत असे.

कुडाच्या घरात छपराचा भार लाकडी मेढींवर असतो, भिंतीवर नसतो. पावसाच्या झडीने लेप धुऊन गेला, तरी घर पडत नाही. दिवाळीनंतर तो पुन्हा लावला की झाले. आषाढ-श्रावणात वाऱ्याच्या बाजूस गवताचा किंवा पेंढ्याचा आडोसा बांधतात, तोही दरवर्षी नवा. अतिपावसाच्या प्रदेशाने शोधलेले हे उत्तर राहुरीच्या उत्तराहून मूलतः वेगळे आहे : तेथे भिंत टिकवण्यासाठी छपरावर मेहनत घेतली जात होती, येथे भिंत नश्वर मानून तिच्यावरचे ओझेच काढून घेतले आहे. धुमसलेल्या मातीच्या भिंतीला हा मार्ग उपलब्ध नाही, कारण भार वाहणे हेच तिचे काम असते; तिला झडीपासून वाचवावेच लागते.

माळशेज घाटाने उतरून मुरबाड, कल्याण, पनवेल असे करत अलिबागच्या किनाऱ्यावर, म्हणजे अष्टागरात, पोहोचल्यावर तेथील नारळी-पोफळीच्या वाड्यांत भिंत वाचवण्याच्या या कलेची सर्वांगीण रूपे दिसतात. रेवदंडा, चौल, नागाव, आक्षी या भागांतील जुन्या घरांना दगडी जोते असते, दोन-तीन फूट उंच. दक्षिणेकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात हेच जोते जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे होते. जोत्याच्या वर मातीची किंवा मातीत रचलेल्या दगडाची भिंत, तिच्या बाहेर पडवी, आणि पडवीवरून जवळजवळ पुरुषभर उंचीपर्यंत खाली आलेले कौलारू छप्पर. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यानंतर मंगलोरी कौले किनाऱ्यावर पसरली. त्याआधी नळीची कौले व पेंढा असे. पडवी ही बसण्या-उठण्याची जागा म्हणून ओळखली जाते, परंतु ओलीच्या दृष्टीने ती मुख्य भिंत आणि पाऊस यांमध्ये सोडलेले कोरडे अंतर आहे, आणि हे तिचे काम बसण्या-उठण्याहून मोलाचे होय. पावसाळ्यात तिच्या पश्चिमेच्या बाजूस झाप, म्हणजे विणलेल्या झावळ्या, बांधत. पागोळ्या जेथे पडतात तेथे दगड बसवलेले असत, कारण भुसभुशीत जमिनीवर पडलेल्या पागोळीचा चिखल उडून भिंतीचा पायथा खातो. गिलावा आणि सफेदी शिंपल्यांच्या चुन्याची असे. चुना पावसाचे पाणी काही प्रमाणात अडवतो आणि वाफ मात्र जाऊ देतो, आणि सिमेंटमध्ये नेमका हाच गुण नाही.

किनाऱ्यावर मीठ हवेतूनही येते. साधे मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की बाष्प ओढून पाझरू लागते. पावसाळ्यात येथील आर्द्रता दिवसेंदिवस या मर्यादेच्या वर असते, म्हणून एकदा मीठ शिरलेली भिंत पाऊस नसतानाही ओलसर राहते, आणि हवा कोरडी झाली की स्फटिक तयार होऊन साल सुटते. खाडीची वाळू किंवा मचूळ पाणी मातीत मिसळणे म्हणजे हा रोग स्वतःच्या हाताने भिंतीत घालणे होय. मीठ पुढे धुऊन काढता येत नाही. वळचणीविषयीही एक सावधगिरी आवश्यक आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले, आणि लगेच पावसाळा तोंडावर आला. लांब वळचण वाऱ्याला खालून उचलायला सापडते. तेव्हा वासे भिंतीवर नुसते टेकवून न ठेवता ते जोत्यापर्यंत वा मजबूत पट्ट्यापर्यंत बांधून घेतले नाहीत, तर भिंतीचे रक्षण करणारी वळचणच संकटाला निमंत्रण देते. छपरे छाटून काँक्रीटचे सपाट स्लॅब घालण्याकडे जो कल वाढला आहे, त्याला या अनुभवाचा आधार दिला जातो. पण सपाट स्लॅबखालची मातीची भिंत उघडी पडते, हे त्यात विसरले जाते.

धुमसलेली भिंत दमट हवेत टिकते की नाही, याविषयी शंका असणाऱ्यांनी दोन उदाहरणे लक्षात घ्यावीत. चीनच्या फूच्येन या किनारी प्रांतातील हक्का समाजाची ‘थुलोउ’ ही गोल व चौकोनी बहुमजली निवासस्थाने धुमसलेल्या मातीची असून त्यांतील ४६ वास्तूंचा २००८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्यांच्या तळाला दगडगोट्यांचा पाया व वर भिंतीबाहेर बरेच पुढे आलेले कौलारू छप्पर आहे. दुसरे उदाहरण पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलचे. तेथील भू-संस्थेने किनाऱ्यालगतच्या उष्ण व दमट हवेत सुमारे पाच टक्के सिमेंट मिसळलेल्या मातीच्या भिंती अनेक वर्षे उभारल्या आहेत. दोन्ही ठिकाणी भिंतीचे संरक्षण पृष्ठभागावरच्या लेपाहून पाया आणि छप्पर यांवर अधिक सोपवलेले आहे.

या सर्व गोष्टी राहुरीच्या संदर्भात ठेवल्या, तर एक अवघड निष्कर्ष हाती येतो. कोकणातल्या घराला चार महिने झोडपून काढणाऱ्या पावसानंतर आठ महिने वाळायला मिळतात. कालव्याच्या क्षेत्रातील सखल गावठाणाला तशी उसंत नाही : खरिपात पाऊस, रब्बीत आवर्तन, उन्हाळ्यात पुन्हा आवर्तन, आणि बारमाही उसाला पाणी. म्हणजे भिंतीच्या माथ्याची हवा कोरड्या देशाची आणि तिच्या पायाची जमीन बारमाही ओली, अशी जोडी येथे जमली आहे, आणि मिठाचे स्फटिक वाढण्यास याहून अनुकूल स्थिती सांगता येणार नाही. मग अशा जागी नवे मातीचे घर बांधताना जोते कोकणासारखे दोन-अडीच फूट उंच व घट्ट काळ्या दगडाचे घ्यावे लागेल, जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा सलग थर, मग तो डांबरी कागदाचा असो वा जाड प्लॅस्टिकचा, भिंतीची पूर्ण रुंदी व्यापून घालावा लागेल, छपराला निदान अडीच-तीन फुटांची वळचण द्यावी लागेल, आणि घराभोवती बाहेर उताराची फरसबंदी करून तिच्याकडेला खडीचा चर काढावा लागेल. ओल अडवणारा थर अर्ध्या रुंदीत घालणे, किंवा त्याच्यावरून बाहेरचा गिलावा जमिनीपर्यंत ओढून आणणे, या दोन चुका सर्रास होतात. दुसऱ्या चुकीत गिलावाच पाण्याला शिडी पुरवतो. भिंत दिवाळीनंतर उभारायला घेऊन अक्षय्यतृतीयेपर्यंत छपराखाली आणावी, म्हणजे पहिल्या पावसापूर्वी ती गाभ्यापर्यंत वाळते. जुन्या घरांना थर घालणे कठीण असल्याने त्यांचा सिमेंटचा गिलावा काढून तळाच्या तीन फुटांना चुन्याचा मऊ गिलावा करणे आणि तो मिठाने खराब झाला की खरवडून पुन्हा करणे, एवढेच व्यवहार्य आहे. तो गिलावा खराब होण्यासाठीच लावायचा असतो.

देखभालीचा हा भाग आजच्या काळात सर्वांत दुबळा आहे. कोकणात मुंबईकर चाकरमान्यांची बंद घरे लवकर जातात, त्याला न झाडलेली कौले जशी कारण असतात तशीच न पेटलेली चूलही. चुलीची ऊब आणि धूर आढ्यापर्यंत जाऊन लाकूड व भिंत कोरडी ठेवत असत. बंद ठेवावयाच्या घरात वळचणीखाली जाळीचे झरोके उघडे ठेवले, तर यातले काही नुकसान टळते. राहुरीकडची घरे बंद नसतात, पण तेथे एका घराने केलेला चर पुरत नाही, कारण भूजलाची पातळी कुंपण ओळखत नाही. निचऱ्याचा चर गावठाणाच्या सखल कडेने काढून तो ओढ्यापर्यंत नेणे, आणि तो दरवर्षी उपसणे, हे सामायिक काम आहे. शेतात सच्छिद्र नळ पुरून क्षारपड जमिनींचा निचरा करण्याचे तंत्र महाराष्ट्रात रुळले आहे, आणि २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना कालव्याच्या व्यवस्थापनात अधिकृत स्थानही मिळाले आहे. गावठाणाच्या निचऱ्याची जबाबदारी मात्र ग्रामपंचायत, पाटबंधारे खाते आणि या संस्था यांच्या मध्ये पडून राहते, आणि तोवर घरमालक दर दोन-चार वर्षांनी सिमेंटची नवी पोती आणत राहतो.